उचंत खात्यातील नववी मूर्ती

आमच्या पाठशाळेत रविवारी सकाळी सूत्रे आणि स्तवने झाल्यावर अर्धा तास मुलांच्या वाचनासाठी राखलेला असतो. मागच्या वर्षी या अर्ध्या तासात मी एक निराळा प्रयोग केला. त्यातून माझ्या हातून जी चूक घडली, ती सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

आपण वसई-विरारकर नालासोपारा हे नाव रोज ऐकतो, पण ते लोकलच्या गर्दीपुरते. हेच प्राचीन शूर्पारक, पश्चिम किनाऱ्यावरील नामांकित बंदर. आपल्या परंपरेतही या नगराला मोठे स्थान आहे. दुष्काळात लाख मोलाच्या भातात विष कालवून कुटुंबासह प्राण द्यायला निघालेल्या श्रेष्ठी जिनदत्ताच्या घरी आर्य वज्रसेनसूरी आले, धान्याची जहाजे येणार असे त्यांनी सांगितले आणि पुढे जिनदत्ताच्या चार पुत्रांनी त्यांच्याकडे दीक्षा घेतली, ही कथा याच सोपाऱ्यातील. नागेंद्र, चंद्र, निवृत्ती आणि विद्याधर या चार कुलांचा उगम परंपरा तिथेच मानते. आपली मुले मात्र या गावातून क्लासला जातात आणि परत येतात.

म्हणून पावसाळ्यापूर्वी एका रविवारी पंधरा मुलांना घेऊन मी सोपाऱ्याचा स्तूप पाहायला गेले. जाताना त्यांना पंडित भगवानलाल इंद्रजींची माहिती सांगितली. 1839 साली जुनागढ येथे जन्मलेल्या या गृहस्थाने डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी देशभर भटकंती केली. राने, लेणी आणि ओसाड गावे तुडवत ते शिलालेखांच्या नकला घेत असत. ओरिसातील हाथीगुंफेचा लेख नीट वाचून खारवेल राजाचे नाव प्रथम उजेडात आणणारे तेच. त्या लेखाचा आरंभ अरिहंत आणि सिद्ध यांच्या वंदनाने होतो, हे ऐकल्यावर मुलांचे कान टवकारले.

1882 च्या एप्रिलमध्ये भगवानलाल सोपाऱ्यात होते. गावकरी ज्या टेकाडाला बुरूड राजाचा कोट म्हणत, ते त्यांनी मधोमध खणवले. आत विटांच्या कोठडीत एक दगडी पेटी निघाली. पेटीत तांब्याचा करंडक होता आणि त्याच्याभोवती बुद्धाच्या आठ धातुमूर्ती मांडलेल्या होत्या. तांब्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडक. त्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तेरा लहान तुकडे होते! हे तुकडे भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे असावेत, असा तर्क पंडितजींनी मांडला. या वस्तू आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

घरी परतल्यावर मी मुलांना सांगितले, "तुम्ही भगवानलालजींच्या बरोबर आहात असे समजा आणि त्या दिवसांची रोजनिशी लिहा. ऊन कसे होते, काय खाल्ले, कशाची भीती वाटली, पेटी उघडताना कोण काय बोलले, सगळे लिहा."

मुलांनी मन लावून लिहिले. एकाने सूर्यास्ताआधी जेवण उरकण्याची धांदल लिहिली. दुसऱ्याने कुदळीच्या घावाने मुंग्यांचे वारूळ फुटले म्हणून काम थांबवले. तेरा वर्षांच्या एका मुलीची रोजनिशी सर्वांत सरस उतरली. तिच्या पेटीत आठ नव्हे, नऊ मूर्ती होत्या. नववी मूर्ती सात फणांच्या छत्राखालील पार्श्वनाथ प्रभूंची. रोजनिशी लिहिणारा ती उपरण्यात गुंडाळून ठेवतो आणि कोणालाही सांगत नाही. वाचताना माझे डोळे भरून आले. पर्युषणाच्या आधी संघाचा एक कार्यक्रम होता, तिथे मी ते पान तिच्याकडून वाचून घेतले. ही कल्पना आहे, असे सुरुवातीला एका वाक्यात सांगितले खरे. पण उशिरा आलेल्यांनी ते ऐकले नव्हते, आणि जे आले होते त्यांच्याही ते लक्षात राहिले नाही.

त्या पानाचा फोटो कोणीतरी काढला. चार दिवसांत तो मजकूर शीर्षक बदलून माझ्याच मोबाइलवर परत आला. 1882 च्या उत्खननाच्या मूळ रोजनिशीत सोपाऱ्याला प्रभूंची मूर्ती सापडल्याची नोंद असून ती दडपली गेली, असा त्याचा सूर होता. मंदिरात लोक माझे अभिनंदन करू लागले. एका वयोवृद्ध श्रावकांनी तर या मूर्तीच्या शोधासाठी मोठी रक्कम देण्याची तयारी दाखवली. पाठशाळेत नवी मुले आली.

आणि मी गप्प राहिले. मी खोटे बोलले नव्हते, एवढाच आधार मनाला देत होते. लोक आनंदात आहेत, धर्माविषयी आस्था वाढते आहे, मग त्यावर पाणी का ओतावे, असेही वाटे. खरे कारण असे की कौतुक मला सुखावत होते.

अखेर मी ते सासऱ्यांना सांगितले. बापूजींची पन्नास वर्षे किराणा दुकानाच्या गादीवर गेली. आता हिशेब संगणकावर होतो, तरी त्यांची लाल कापडाची वही सुटलेली नाही. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "बेटा, दुकानात कधी रक्कम येते, पण कोणाची ते कळत नाही. ती आपण कुठे लिहितो?"

"उचंत खात्यात."

"बरोबर. फेकून देत नाही आणि नफ्यातही धरत नाही. धनी सापडेपर्यंत ती उचंतात राहते. त्या पोरीची मूर्ती उचंत खात्यातली होती. तू ती नफ्यात ओढलीस."

मला उत्तर सुचले नाही. मृषावाद केवळ बोलण्याने होतो असे मी इतकी वर्षे मुलांना शिकवत आले होते. दुसऱ्यांचा गैरसमज आपल्या लाभाचा म्हणून तसाच राहू देणे हेही त्यातच मोडते, हे मला गादीवरच्या माणसाने शिकवले. भगवानलालजींनी करंडकाच्या करंडकात सोने शोधले आणि मातीचे तुकडे मिळाले, तर मातीचेच लिहिले. त्यांचा तर्क त्यांनी तर्क म्हणून मांडला. आम्ही मात्र त्यांच्या पेटीत नववी मूर्ती ठेवली होती.

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सामूहिक क्षमापनेच्या वेळी मी उभी राहिले. ते पान कल्पनेचे आहे, सोपाऱ्याच्या पेटीत आठच मूर्ती होत्या, आणि गैरसमज कळूनही मी दहा दिवस बोलले नाही, हे सांगून मिच्छामि दुक्कडम् म्हटले. काही चेहरे उतरले. ज्या श्रावकांनी रक्कम देऊ केली होती, ते काही न बोलता उठून गेले. मला सर्वांत जास्त काळजी त्या मुलीची होती. सभेआधीच तिच्या घरी जाऊन मी तिला सांगितले होते की चूक तुझी नाही, तू सुंदर लिहिलेस. तिने विचारले, "दीदी, मग आता कल्पनेने लिहायचेच नाही का?"

लिहायचे, पण वही बदलून. आता आमची मुले रोजनिशी दोन बाजूंनी लिहितात. डावीकडे जमा, म्हणजे ठाऊक असलेले आणि कुठून कळले ते. उजवीकडे उचंत, म्हणजे मनातले. गंमत अशी की उजवी बाजू पूर्वीपेक्षा फुलली आहे, कारण आता तिथे लिहायला कोणी भीत नाही.

या वर्षी आम्ही सम्राट अशोकाचा आठवा शिलालेख घेतला आहे. त्याचा तुकडा भगवानलालजींना सोपाऱ्यातच मिळाला. पूर्वीचे राजे शिकारीच्या विहारयात्रांना जात; अशोकाने मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीची यात्रा केली आणि तेव्हापासून श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन, दान आणि खेड्यापाड्यांतील लोकांशी धर्मचर्चा यांसाठी धर्मयात्रा सुरू झाल्या, असा त्याचा आशय आहे. मुले त्या यात्रेतील एका सेवकाची रोजनिशी लिहीत आहेत. डावी बाजू लहान आहे, उजवी मोठी.

ते वयोवृद्ध श्रावक मध्यंतरी पाठशाळेत आले. मुलांच्या वह्या त्यांनी शांतपणे चाळल्या. त्या मुलीच्या वहीत उजव्या बाजूला पहिल्याच ओळीत नववी मूर्ती होती, धनी सापडलेला नाही, असा शेरा मारलेली. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली आणि जाताना मुलांना सोपाऱ्याला नेण्यासाठी पुढच्या खेपेला गाडीचे भाडे आपण देऊ, असे सांगून गेले.