दसऱ्यापासून उलटं मोजत

माझ्या बागेच्या वर्गाचा पहिला धडा काडेपेटीचा असतो. बिया, कुंड्या, खुरपी हे सगळं नंतर येतं. भिवंडीत आमच्या गल्लीतल्या कुठल्याही लूमच्या कारखान्यातून झाडलोटीची एक गोणी सहज मिळते. मागाखाली साचलेली सुताची लव, तुटलेल्या धाग्यांचे गुंते, कापडाच्या काठाची कापून टाकलेली झालर असं सगळं त्यात असतं. त्यातला एक धागा चिमट्यात धरायचा आणि टोक पेटवायचं. कागद जळल्यासारखा वास येऊन मऊ राख झाली, तर ते सूत. धागा आक्रसून वितळला आणि टोकाला काळा कडक मणी आला, तर ते पॉलिएस्टर. सूत खताच्या ढिगात जातं, पॉलिएस्टर परत गोणीत. वर्गातली निम्मी मुलं लूमवाल्यांच्या घरची. त्यांना काडीही लागत नाही, ती नुसतं बोटांत चोळून सांगतात.

हा धडा आधी घ्यावा लागतो, कारण आमच्याकडे मातीच नाही. मानकोली, पूर्णा, राहनाळ या बाजूला माझ्या लहानपणी पावसाळ्यात भातखाचरं दिसायची. आता तिथे गोदामांच्या पत्र्यांच्या रांगा आहेत. गोणीने विकत मिळणारी लाल माती कुंडीत पहिल्या पावसाला घट्ट बसते आणि ऊन लागलं की विटेसारखी तडकते. म्हणून माती आम्ही घरीच करतो. इथल्या लूमवर बरंचसं ग्रे कापड निघतं, म्हणजे मागावरून उतरलेलं, अजून रंग न चढलेलं, त्यामुळे सुताच्या कचऱ्यात रंगाची रसायनं नसतात. तेलाचे डाग पडलेली लव तेवढी वेचून काढायची. उरलेली हाताने नीट पिंजायची, कारण ती ओली झाली की गोधडीसारखी दबून बसते, आत हवा जात नाही आणि ढीग आंबून घाण मारतो. पिंजलेल्या लवेवर तबेल्यातलं शेण, त्यावर वाळका पाला, मग स्वयंपाकघरातली सालं-देठं, पुन्हा लव. सुतात नत्र जवळजवळ नसतंच. शेण घातलं नाही तर सहा महिन्यांनीही लव जशीच्या तशी असते. शेण घातलं तर चौथ्या-पाचव्या दिवशी ढिगात हात घालवत नाही इतका तो तापतो. विणण्याआधी सायझिंगमध्ये ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, लावलेली खळ जंतू आधी फस्त करतात आणि मग सुताकडे वळतात. चार-एक महिन्यांत गोणीतल्या पांढऱ्या कचऱ्याची काळी भुसभुशीत माती झालेली असते. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने आजूबाजूच्या काडीकचऱ्यातून सकस माती घडवायला महाराष्ट्राला शिकवलं. आमचा काडीकचरा लूमचा, एवढाच फरक.

ही माती हलकी असते, आणि ते मला तिच्या कसापेक्षाही महत्त्वाचं वाटतं. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीत जिलानी इमारत कोसळली, माणसं झोपेत असताना. त्याआधी मी गच्चीवर दोनशे लिटरचं पिंप अर्धं कापून त्यात शेवगा लावा म्हणून बिनदिक्कत सांगत असे. ओल्या मातीने भरलेलं तसलं अर्धं पिंप दीडशे किलोच्या पुढे जातं. आता सांगत नाही. जुन्या इमारतीत कुंड्या भिंतीच्या आणि तुळईच्या रेषेवरच ठेवायच्या, एकटीला उचलून हलवता येईल एवढ्याच आकाराच्या. गच्ची गळत असेल तर आधी तिची दुरुस्ती, मग बाग. एका घरी तर मी बाग लावूच दिली नाही. त्या ताई दुखावल्या, पण त्या गच्चीच्या भेगा मला दिसत होत्या.

वर्ग २०१६ पासून चालू आहे. रविवारी सकाळी आणि मुलांच्या सुट्ट्यांत रोज. पहिली दोन वर्षं मी खरीप, रब्बी, उन्हाळी असं पुस्तकातल्यासारखं शिकवलं. बायका वहीत नीट उतरवून घेत आणि पेरायचा दिवस हुकवत. एकदा एकजण म्हणाली, "ताई, घटाचं धान्य पेरायला मी जन्मात कधी विसरले नाही. मग मेथीच कशी विसरते?" त्या प्रश्नाने माझं शिकवणंच फिरवलं. घरी गेले, कालनिर्णय काढलं आणि प्रत्येक सणावर बोट ठेवून त्या दिवशी कोणती पानं-फुलं-धान्यं लागतात ते लिहीत गेले. मग प्रत्येकापासून मागे मोजत आले. वर्षभराचा अभ्यासक्रम तयार झाला. सण हा शेवटचा दिवस. त्या दिवशी जे बाजारातून आणतो, ते त्या दिवशी आपल्या कुंडीत तयार असायला हवं.

घटस्थापना हा तर बी उगवण्याचा नऊ दिवसांचा आयता वर्ग. परडीत माती, वर धान्य, रोज थोडं पाणी. मुलांना मी दोन परड्या करायला सांगते. एक देवघरात, एक खिडकीत. देवघरातले अंकुर उंच, पिवळे आणि वाकलेले येतात, खिडकीतले बुटके आणि हिरवे. दसऱ्याला आजोबांच्या टोपीत तो पिवळा तुरा खोवताना मुलांना कळतं की तो उजेड शोधत एवढा वाढला.

झेंडूने मला सगळ्यात जास्त शिकवलं, आणि रडवलंही. आफ्रिकन झेंडू पेरल्यापासून फुलायला साधारण ६५ दिवस घेतो. त्यातले पहिले २५ दिवस रोप वाढवण्याचे. लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी शेंडा खुडला तर फूल आठ-दहा दिवस उशिरा येतं, पण एका शेंड्याचे सहा-सात फाटे होतात. कुंडीतल्या झाडाला शेंडा खुडावाच, नाहीतर एक उंच दांडा आणि तीन फुलं एवढंच पदरात पडतं. म्हणजे दसऱ्याआधी अडीच महिने पेरायला हवं. आता हा दसरा दरवर्षी हलतो. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून सण दरसाल अकरा-एक दिवस अलीकडे सरकतात आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जातात. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, दसरा २४ ऑक्टोबरला आला. २०२५ मध्ये तो २ ऑक्टोबरला. बावीस दिवसांचा फरक. पाऊस मात्र पंचांग पाहून पडत नाही.

२०२५ मध्ये मी वर्गाकडून २० जुलैच्या रविवारी झेंडू पेरून घेतला. हिशेब बरोबर होता. रोपं उगवली, दोन पानांवर आली, आणि मग पावसाने झड धरली. ट्रे गच्चीवर उघडे होते, ही माझी चूक. चार दिवसांत रोपं बुंध्याशी मऊ पडून आडवी झाली. ओल्या मातीतली बुरशी असं करते. शेतकरी म्हणतात, रोपं कोलमडली. तेवीस घरांतून एकाच आठवड्यात तोच फोटो मोबाइलवर आला. १० ऑगस्टला आम्ही पुन्हा पेरलं. दसऱ्याला सगळ्यांनी झेंडू विकत आणला. आमची फुलं उमलली ती २१ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. बायका खूश होत्या. पण आठवीतली एक मुलगी दसऱ्याच्या सकाळी नुसत्या कळ्यांचं झाड घेऊन माझ्या दारात उभी राहिली होती आणि काहीच बोलली नव्हती. ते मला अजून आठवतं.

त्यानंतर रोपवाटिका छपराखाली आणली. लूमवर बाण्याच्या, म्हणजे आडव्या, सुताचे कागदी कोन रिकामे होऊन पडतात. त्यांचं निमुळतं टोक कात्रीने थोडं रुंद करायचं, टोक खाली करून फळांच्या क्रेटमध्ये दाटीवाटीने उभे करायचे, आत अर्धी वाळू आणि अर्धं आपलं खत. पाणी वरून शिंपडायचं नाही. क्रेट पाण्याच्या परातीत दहा मिनिटं ठेवायचं, कोन खालून हवं तेवढं पितो आणि रोपाचा बुंधा कोरडा राहतो. जिन्याच्या चौकात उजेड असेल तर ती जागा उत्तम. तीन-चार आठवड्यांत कागद मऊ पडतो आणि रोप कोनासकट कुंडीत लावता येतं, मुळांना धक्का लागत नाही. झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिथे नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत गेलेल्या माणसांची आठवण काढायचा सण असतो आणि घरोघर हाच केशरी रंग असतो. तिथले माळीही असेच दिवस मोजत मागे येत असणार, असं पेरताना माझ्या मनात येतं.

गणपतीच्या पत्रीचं थोडक्यात सांगते. एकवीसपैकी दूर्वा, तुळस, माका, मरवा, डोरली, जाई, विष्णुक्रांता आणि डाळिंब कुंडीत होतात. आघाडा पावसाळ्यात आपण होऊन येतो, तो उपटू नये एवढंच. देवदार हिमालयातला, त्याचा हट्ट मी धरत नाही आणि धरू देत नाही. आपट्याच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. दसऱ्याला बाजारात कांचनाची पानंही आपटा म्हणून विकली जातात, आणि खऱ्या आपट्याच्या फांद्या वज्रेश्वरीच्या बाजूच्या डोंगरांतून ओरबाडून आणल्या जातात. आम्ही आपट्याच्या बिया कोमट पाण्यात रात्रभर भिजवून जूनमध्ये पिशव्यांत लावतो. दसऱ्याला पानाऐवजी रोप देतो. घेणारा विचारतो, लावू कुठे? तो प्रश्न त्याच्या घरी जावा, हीच माझी इच्छा असते.

वर्गात मला तीन हाका येतात. ताई, अक्का आणि बाजी. भिवंडीत आगरी आहेत, तेलंगणातून विणकामासाठी आलेले पद्मशाली आहेत, उत्तरेतून आलेले मोमीन-अन्सारी विणकर आहेत, आणि गच्ची सगळ्यांची एकच असते. रमजानने माझा हिशेब आणखी अवघड केला आणि मला जास्त चांगली माळीण केलं. हिजरी वर्षाला अधिक महिना नाही, त्यामुळे रमजान तेहेतीस-एक वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येतो. २०१८ मध्ये तो मेच्या मध्यावर सुरू झाला होता. इफ्तारीच्या चटणीसाठी कोथिंबीर पेरली, तर ती वीतभर व्हायच्या आत फुलावर गेली, कारण कोथिंबिरीला उन्हाळा सोसत नाही. आम्ही ओल्या गोणपाटाची सावली करून पुदिन्यावर भागवलं. यंदा, २०२६ मध्ये, रमजान फेब्रुवारीत आला आणि कोथिंबीर इतकी आली की शेजारपाजारी वाटावी लागली. सरबतात घालायचा सब्जा दिवाळीच्या आधी पेरला होता. त्याचे तुरे वाळल्यावर एका बाजींनी ते सुपात चोळून, पाखडून काळं बी वेगळं केलं. वर्गातल्या मुलांनी ते पाण्यात टाकून फुगताना पाहिलं. पुढची काही वर्षं रमजान हिवाळ्यात असेल. कोथिंबिरीची चैन आहे.

आणि कुर्डू. ही गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण ती मी कोणाला शिकवलेली नाही.

एका जूनमध्ये आमच्या रिकाम्या कुंड्यांत कुर्डू उगवला. तण म्हणून मी तो उपटायला सांगणार, एवढ्यात काल्हेरच्या एका आजींनी माझा हात धरला. "यो कुर्डू हाय बाय. याची भाजी करतान." त्यांनी कोवळे शेंडे खुडले आणि पुढच्या रविवारी डब्यात भाजी आणली. भरपूर कांदा, लसूण, वर ओलं खोबरं. कृषी विभाग ९ ऑगस्टच्या सुमारास रानभाजी महोत्सव भरवतो, तिथेही तो मांडलेला असतो. मी कुंड्या तशाच ठेवल्या. भाद्रपदात त्याला पांढरे-गुलाबी तुरे आले आणि एक तेलुगू शेजारीण वर कपडे वाळत घालायला आली ती तिथेच थबकली. "अक्का, गुनुगु! हे तुम्ही कुठून आणलं?" बतुकम्मा या तेलंगणाच्या फुलांच्या सणात फुलं रचताना गुनुगुचे तुरे रंगवून त्याचे थर लावतात, तरवडाची पिवळी फुलं त्याच्याबरोबर. भिवंडीत तिला ते विकत घ्यावं लागत होतं, आणि माहेरी ते बांधावर कुठेही उभं असायचं.

पुढच्या वर्षी दोघींमध्ये प्रेमाचं भांडण झालं. आजींना शेंडे हवे होते, शेजारणीला तुरे. एकीने खुडलं तर दुसरीचं फूल गेलं, असं दोघींना वाटत होतं. मलाही तसंच वाटलं होतं, झेंडूचे शेंडे इतकी वर्षं स्वतःच्या हाताने खुडत असूनही. आजींनी आपल्या चार कुंड्या खुडल्या, शेजारणीने तिच्या चार तशाच जपल्या. न खुडलेल्या झाडांना एकेक उंच तुरा आला. खुडलेल्या झाडांना सात-आठ, काहींना दहा. तेव्हापासून शेजारीण स्वतः ताट घेऊन आजींना बोलवायला जाते. नारळी पौर्णिमेपर्यंत खुडायचं, नंतर हात लावायचा नाही, असं दोघींनी आपसात ठरवून घेतलं आहे.

यंदा अधिक ज्येष्ठ आला, त्यामुळे दसरा २० ऑक्टोबरला आहे. झेंडू ९ ऑगस्टला, रविवारी पेरायचा. जिन्याच्या चौकात क्रेट धुऊन ठेवले आहेत, लूमवरून ६० कोन आले आहेत. त्यातल्या एका कोनाचं तोंड चिंधीने बांधून त्यात गेल्या वर्षीचं कुर्डूचं बी ठेवलं आहे, काळं, चकचकीत, मोहरीहून बारीक. आजी म्हणतात, "याला कोन पेरतंय? यो आपलाच येतो." शेजारीण म्हणते, असू दे अक्का, थोडं पेरूच.