पोतं गेलं, पावती आली

शिकागोचा उद्योग म्हटलं की बहुतेकांना कत्तलखाने आठवतात, नाहीतर पोलादी सांगाड्यावर उभ्या राहिलेल्या उंच इमारती. शेतमालाच्या बाजारांचा अभ्यास करताना मला मात्र या शहराचं सर्वांत मोठं काम गव्हाच्या प्रतवारीत दिसतं.

1840 च्या दशकापर्यंत अमेरिकेतला गहूही पोत्यांतूनच जायचा. गाडीतून होडीत, होडीतून जहाजात, हमालांच्या पाठीवरून. विकला जाईपर्यंत माल पाठवणाऱ्याच्या नावावर राही. वाटेत भिजला, सडला, बुडाला तर नुकसान त्याचंच. दूरच्या व्यापाऱ्याला माल घेण्याआधी नमुना पाहावा लागे.

1848 साली शिकागोत बऱ्याच गोष्टी एकदम घडल्या. मिशिगन सरोवराला इलिनॉय नदीशी जोडणारा 96 मैलांचा कालवा खुला झाला, शहराची पहिली रेल्वे धावली, तारयंत्र आलं आणि व्यापाऱ्यांनी बोर्ड ऑफ ट्रेड स्थापन केलं. त्याच सुमारास वाफेवर चालणारं धान्याचं कोठारही उभं राहिलं. त्याला एलिव्हेटर म्हणत. फिरत्या पट्ट्याला लावलेल्या बादल्या गहू उचलून इमारतीच्या माथ्यावर नेत, तिथे वजन होई आणि नळातून तो खालच्या उंच कणग्यांत पडे. जहाज धक्क्याला लागलं की झडप उघडायची. गहू स्वतःच्या वजनानेच खाली येई. 1857 पर्यंत शहरातल्या अशा कोठारांची क्षमता चाळीस लाख बुशेलांवर गेली होती, म्हणजे सुमारे एक लाख टन.

पण या यंत्राला पोतं चालत नव्हतं, सुटा गहूच लागे. शिवाय प्रत्येक शेतकऱ्याच्या वीस-तीस पोत्यांसाठी वेगळी कणगी अडवून ठेवणं कोठारवाल्याला परवडणारं नव्हतं. दहा जणांचा गहू एकत्र करायचा, तर तो सारखा आहे असं कुणीतरी आधी ठरवायला हवं. 1856 मध्ये बोर्डाने गव्हाचे तीन प्रकार ठरवले: पांढरा हिवाळी, लाल हिवाळी आणि वसंतातला. लवकरच त्यांत एक नंबर, दोन नंबर, नापास अशा प्रती आल्या. माल टाकणाऱ्याच्या हाती पावती पडू लागली: अमुक प्रतीचा, इतके बुशेल. ती दाखवली की तेवढा गहू मिळणार, पण तो कुणाच्या शेतातला, हे आता कुणी विचारणार नव्हतं.

मला हा क्षण विलक्षण वाटतो. नमुना न पाहता, तारेवरच्या दोन ओळींत न्यू यॉर्कचा व्यापारी शिकागोचा गहू घेऊ लागला. पावती हातोहात फिरू लागली, बँका तिच्यावर कर्ज देऊ लागल्या. पुढच्या महिन्यात येणाऱ्या मालाचे सौदे होऊ लागले आणि 1865 मध्ये बोर्डाने त्यांचे रीतसर नियम केले. आजचा वायदेबाजार तिथून वाढला.

प्रतवारीतच एक फट होती. दोन नंबरात बसणाऱ्या मालात काही जेमतेम बसणारा, तर काही जवळपास एक नंबरचा. भाव मात्र एकच. मग कोठारवाला चांगल्या गव्हात हलका मिसळून सगळा ढीग प्रतीच्या तळाशी आणून ठेवी. मधला फायदा त्याचा. शेतकऱ्यांची ओरड खरी होती, आणि जाणार कुठे? 1874 मध्ये शहरातली 14 कोठारं नऊ पेढ्यांच्या ताब्यात होती.

यावर इलिनॉयने जे केलं ते मला मनापासून आवडतं. शेतकरी आणि बोर्डातले व्यापारी, दोघांच्याही रेट्याने 1870 च्या राज्यघटनेत कोठारांवर आख्खं कलम आलं. आत किती धान्य, कोणत्या प्रतीचं, त्यावर किती पावत्या काढल्या, हे दर आठवड्याला शपथेवर लिहून कचेरीत लावायचं. मालकाच्या संमतीशिवाय वेगळ्या प्रती मिसळायच्या नाहीत. ज्याचा माल त्याला आत जाऊन पाहण्याचा हक्क. पाठोपाठ 1871 च्या कायद्याने कोठारांचे कमाल दरही ठरवले आणि प्रत तपासण्याचं काम सरकारी निरीक्षकांकडे गेलं.

गरज किती होती, हे 1872 मध्ये उघड झालं. मन अँड स्कॉट या बड्या पेढीच्या कोठारात पावत्यांइतका गहू नव्हता. तूट दिसू नये म्हणून कणग्यांत फळ्या टाकून वर धान्य पसरलं होतं. आयरा मन हा बोर्डाचा माजी अध्यक्ष! दोघा भागीदारांना बोर्डाने काढून टाकलं. याच पेढीचा कमाल दरांविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1877 मध्ये निकाल राज्याच्या बाजूने लागला: ज्या खासगी धंद्यात लोकांचं हित गुंतलं आहे, त्यावर सरकार नियंत्रण ठेवू शकतं.

शिकागोच्या वायदेबाजारातल्या सोयापेंड आणि सोयातेलाच्या भावाची झळ आज लातूरच्या बाजारालाही लागते. डिसेंबर 2021 मध्ये सेबीने सोयाबीनचे वायदे थांबवले, तेव्हापासून सट्ट्यावर आपण तावातावाने बोलतो. बाजार समितीच्या ओट्यावर ओलाव्याचं यंत्र कोण तपासतं, डागी दाणे किती हे कोण ठरवतं, म्हणजेच प्रतवारी कुणाच्या हाती आहे, यावर त्याच्या दशांशानेही नाही. माझ्या मते शेतकऱ्याचा भाव आधी तिथे कापला जातो, आणि शेतकरी संघटनांनी आपलं बळ आधी तिथे लावायला हवं.