बारदान

बाजार समितीच्या आवारात ज्याचे बालपण गेले आहे, त्याला ‘बारदान’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. फारसीतून मराठीत आलेला हा शब्द. ज्यात माल भरायचा ती वस्तू म्हणजे बारदान, मग ती गोणी असो, करंडी असो की खोके असो. माझे वडील खेड तालुक्यातील आमच्या वाडीवरून चाकणच्या बाजारात कांदा घेऊन येत. मी गोण्यांवर बसलेला असे. काट्यावर गोणी चढे, आकडा पुकारला जाई आणि हाती पडणाऱ्या पट्टीवर बारदानाचे वजन वजा झालेले दिसे. त्या वयात मला ती वजाबाकी खुपत असे. वडील म्हणत, “अरे, घेणारा कांद्याचे पैसे देतो, गोणीचे कशाला देईल?” रिकाम्या गोण्या ते नीट घडी घालून घरी आणीत. फाटलेली गोणी सुतळीने शिवली जाई आणि पुढच्या हंगामात पुन्हा कांदा वाही.

वाचकहो, वडिलांचे ते साधे गणित मी पुढे विसरलो. कसा विसरलो आणि कोणत्या प्रसंगाने ते पुन्हा आठवले, एवढेच या निबंधात तुम्हांला सांगायचे आहे.

मी भोसरीत राहतो आणि चाकणजवळच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी करतो. वाहनांचे सुटे भाग आमच्याकडे येतात, मोजले जातात आणि पुढे जातात. हे भाग निळ्या क्रेटमधून येतात. क्रेटवर क्रमांक असतो, सोबत परतीचे चलन असते. भाग उतरवून घेतले की रिकामे क्रेट त्याच गाडीने पुरवठादाराकडे परत जातात. एक क्रेट कमी भरला तरी दूरध्वनी येतो. तो कोणाच्या नावावर आहे, कोठे अडकला आहे, याची विचारणा होते. एकच क्रेट वर्षानुवर्षे फिरत राहतो. तोही प्लॅस्टिकचाच असतो. पण त्याला कोणी कचरा म्हणत नाही, कारण त्याला परत जाण्याचा पत्ता आहे.

दिवसभर असे क्रेट मोजणारा मी सायंकाळी घरी परतताना अर्धा किलो भेंडी एका कॅरीबॅगेत, पाव किलो मिरची दुसरीत आणि कोथिंबिरीची जुडी तिसरीत घेऊन येत असे. या पिशव्यांना क्रमांक नव्हता आणि परतीचे चलनही नव्हते. यात काही विसंगती आहे, हे माझ्या ध्यानातही येत नसे.

येथे आपल्या परिसराविषयी थोडे सांगितले पाहिजे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. त्यानंतर औद्योगिक वसाहत आली, मोठमोठे वाहन कारखाने आले आणि १९८२ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिका स्थापन झाली. पुढे उद्योगांची रांग नाशिक रस्त्याने चाकणपर्यंत पोहोचली. येथील माणसाचे जीवन पाळीवर चालते. सकाळी अंधारात कंपनीची बस पकडायची आणि दुसरी पाळी असेल तर मध्यरात्रीच्या सुमारास उतरायचे. अशा माणसाची खरेदी घरातून ठरवून निघालेली नसते. ती बसथांब्यापासून घरापर्यंतच्या वाटेवर घडते. हातात डबा असतो, पिशवी नसते. कॅरीबॅगेने या माणसाची मोठीच सोय केली. म्हणून प्लॅस्टिकला केवळ दूषणे देणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. पूर्वीच्या वाण्याची कागदी पुडी पावसात विरघळत असे आणि तेलाची किटली सायकलवर सांडत असे. हे अनुभवलेल्या माणसाने पिशवीचे स्वागत का केले, हे समजून घेतले, तरच ती सोडण्याचा मार्ग सापडेल.

या सोयीचे मोल आपल्याला फार उशिरा कळले. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. शहर बुडण्याची कारणे अनेक होती. परंतु गटारांत व नाल्यांत अडकलेल्या पातळ पिशव्या हेही त्यांतील एक कारण ठरले. बांगलादेशात १९८८ आणि १९९८ च्या महापुरांनंतर हेच ध्यानात आले होते आणि २००२ मध्ये त्या देशाने पातळ पॉलिथिन पिशव्यांवर बंदी घातली. महाराष्ट्राने २००६ मध्ये ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्या निषिद्ध ठरवल्या. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तुम्हांला वाटेल, जाडीने काय साधते? पातळ पिशवी वजनाला इतकी हलकी असते की कचरा वेचणाऱ्या व्यक्तीने दिवसभर वाकून ती गोळा केली, तरी भंगाराच्या दुकानात तिचे मोल होत नाही. जाड पिशवीला थोडा भाव येतो. शिवाय दुकानदारही ती फुकट वाटताना विचार करतो. ज्या वस्तूला भाव आहे तिला उचलणारा हात मिळतो.

पुढे २३ मार्च २०१८ रोजी राज्य शासनाने प्लॅस्टिक पिशव्या व थर्मोकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली आणि २३ जूनपासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड होता. माझा प्रसंग त्याच पावसाळ्यातला आहे.

पाळी सुटल्यावर मी रस्त्याकडेच्या भाजीबाजारात थांबलो होतो. पाऊस पडत होता. नेहमीच्या मावशींकडून मी टोमॅटो आणि मेथी घेतली आणि हात पुढे केला. मावशी म्हणाल्या, “दादा, पिशवी नाय आता. बंद केलीय.” मी म्हणालो, “मावशी, असेल हो एखादी खाली. या पावसात टोमॅटो काय खिशात घालू?” त्या क्षणभर घुटमळल्या. रोजचे गिऱ्हाईक तोडायचे कसे, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसला. तरीही मी हात मागे घेतला नाही. त्यांनी गोणपाटाखालून एक पिशवी काढली आणि माझ्यापुढे धरली. त्याच वेळी तपासणीचे पथक तेथे आले.

पुढचे सांगताना आजही संकोच वाटतो. बंदी वापरणाऱ्यालाही लागू होती, हे मी वर्तमानपत्रात वाचलेले होते. मावशींनी तसे वाचलेले असणे शक्य नव्हते. पथकातील माणसाने त्यांना पिशवी कोठून आणली, असे विचारले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. “पिशवी मी मागितली” हे तीन शब्द उच्चारण्याइतका अवधी मला निश्चित होता. मी पैसे पाटावर ठेवले, टोमॅटो टिफिनच्या पिशवीत कोंबले आणि निघून आलो. मेथीची जुडी तेथेच राहिली. पुढे तीन-चार आठवडे त्या मावशी बाजारात दिसल्या नाहीत. दिसल्या तेव्हा मी चौकशी केली. “भरला दंड. हातउसने घेतले,” एवढेच त्या म्हणाल्या. माझे नाव त्यांनी घेतले नाही, तेव्हाही आणि नंतरही. मी काही रक्कम पुढे केली. ती त्यांनी घेतली नाही. म्हणाल्या, “पिशवी आणत जा.”

त्या रात्री मला वडिलांची पट्टी आठवली. बारदानाचे वजन कोणाच्या तरी हिशेबातून वजा होतेच. माझ्या खरेदीचे बारदान मावशींच्या हिशेबातून वजा झाले होते.

मग मी एक साधा प्रयोग केला. तुम्हीही तो करून पाहावा. एका आठवड्यात घरात आलेले सारे वेष्टन फेकून न देता एका गोणीत साठवले. रविवारी ओतून मोजले, तेव्हा एकसष्ट नग निघाले. स्वयंपाकघरातील काट्याने वजन दाखवले सुमारे सहाशे ग्रॅम. काटा येथे फसवतो, कारण प्लॅस्टिक वजनाला हलके आणि आकाराला मोठे असते. मी त्यांचे दोन ढीग केले. एकात पुठ्ठे, दुधाच्या पिशव्या आणि तेलाचा डबा होता. हा ढीग भंगारवाल्याने आनंदाने नेला. दुसऱ्या ढिगात बिस्किटे, वेफर आणि मसाल्यांची चकचकीत पाकिटे होती. त्यांच्याकडे त्याने पाहिलेही नाही. अशा पाकिटात प्लॅस्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करणे परवडत नाही. हा दुसरा ढीग कोठे जातो, हे मला ठाऊक होते. चाकणहून येताना मोशी लागते आणि मोशीला आपल्या शहराच्या कचऱ्याचा डेपो आहे. मी रोज त्याच्या बाजूने जात होतो आणि नाकाला रुमाल लावत होतो.

त्यानंतर आमच्या घरी थोडे बदल झाले. पत्नीने जुन्या साडीच्या चार पिशव्या शिवल्या. पहिल्या महिन्यात त्या दारामागच्या खिळ्यालाच लटकत राहिल्या, कारण मी बाजारात कारखान्यातून जात होतो, घरातून नव्हे. मग एक पिशवी दुचाकीच्या डिकीत, एक डब्याच्या पिशवीत आणि एक कारखान्यातील माझ्या कपाटात ठेवली. तेव्हा कोठे त्या कामाला आल्या. पिशवी जिथे खरेदी सुचते तिथे हवी. डाळ आणि तांदूळ आम्ही सुटे आणतो, डबा घेऊन जातो. मात्र कापडी पिशव्यांचा साठा करण्यात पुण्य नाही, हेही समजले. कापूस पिकवायला भरपूर पाणी लागते. ती पिशवी शेकडो वेळा वापरली, तरच तिचा खर्च भरून निघतो. समारंभात फुकट मिळणारी सातवी पिशवी मी आता नम्रपणे नाकारतो.

दुसरा ढीग मात्र फारसा कमी झाला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मसाल्याचे पाकीट कसे असावे, हे मी ठरवत नाही. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी आपले वेष्टन परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवरही टाकली आहे. ती पूर्णपणे पाळली गेली, तर आमच्या क्रेटसारखा प्रत्येक पाकिटालाही परतीचा पत्ता मिळेल. ग्राहकाने पिशवी नाकारावी आणि उत्पादकाने पाकीट परत घ्यावे. या दोहोंपैकी एकानेच काम केले तर हिशेब पुरा होणार नाही. आयर्लंडने २००२ मध्ये प्रत्येक पिशवीवर पंधरा सेंटचा कर लावला, तेव्हा तेथील पिशव्यांचा वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. फुकट असलेल्या बारदानाची किंमत पावतीवर दिसू लागली, एवढेच तेथे घडले.

मी आजही त्याच मावशींकडे भाजी घेतो. त्या टोपलीतून भाजी थेट माझ्या पिशवीत ओततात, आधी टोमॅटो, मग मेथी. पिशवी एखाद्या दिवशी विसरली, तर मी भाजी न घेताच पुढे जातो आणि घरी पिठले होते. वाचकहो, हा काही मोठा त्याग नव्हे. त्या दिवशी न उच्चारलेल्या तीन शब्दांची ती उशिरा केलेली परतफेड आहे, आणि ती अजून पुरी झाली आहे असे मला वाटत नाही.