छप्पर मोजताना

मुंबई-पुण्याकडील आमचे आप्त भेटले, की एक वाक्य हटकून ऐकवतात, ‘तुम्हां खानदेशवाल्यांना घराची काय चिंता? तिकडे सारेच स्वस्त.’ मोठ्या महानगरांतील घरे आणि त्यांच्या किमती यांची पाहणी सतत चालू असते. जळगाव-धुळ्याच्या वाट्याला ती क्वचितच येते. वास्तविक ही दोन्ही नगरे 2003 साली महानगरपालिका झाली. 2011 च्या जनगणनेत जळगावात सुमारे 4 लाख 60 हजार, तर धुळ्यात सुमारे पावणेचार लाख माणसे मोजली गेली. महानगराचे बिरुद मिळाले, त्याच्या मागोमाग महानगराचे भाडेही आले. पगार तेवढा यायचा राहिला.

आपला नाशिक धर्मप्रांत 1987 साली स्थापन झाला. त्यात हे दोन्ही जिल्हे येतात, पण येथील आपली कुटुंबे मूठभर आणि विखुरलेली. कुणी रेल्वेच्या नोकरीपायी आलेले, कुणी इस्पितळात, कुणी शाळेत, कुणी जळगावच्या चटई कारखान्यांत वा डाळ मिलमध्ये रोजंदारीवर. ही माणसे राहतात कशी, हे एकदा नीट पाहावे, असे धर्मग्रामाच्या बैठकीत ठरले आणि दोन निवृत्त शिक्षक, एक परिचारिका व एक महाविद्यालयीन तरुण अशा आम्हां चौघांवर ते काम आले. गेल्या एप्रिल-मे महिन्यांत आम्ही ते केले. शेजारपाजारच्या घरांतही डोकावलो, कारण दारिद्र्य काही धर्म विचारून येत नाही.

नमुना म्हणून आम्ही जनगणनेचा तक्ता घेतला. भिंती कशाच्या, छप्पर कशाचे, खोल्या किती, विवाहित जोडपी किती, असे त्यातले प्रश्न. ‘खोली’ कशाला म्हणावे, हेही जनगणनेने ठरवून दिले आहे. स्वयंपाकघर, न्हाणीघर, व्हरांडा खोलीत धरायचा नाही. लांबी किमान 2 मीटर, रुंदी दीड मीटर, उंची 2 मीटर हवी. थोडक्यात, एका माणसाला आत झोपता यावे. व्याख्या वाचून आम्हांला कौतुक वाटले. सरकारी कागदात इतका माणुसकीचा निकष सहसा सापडत नाही.

पण धुळ्यातील एका वस्तीत पत्र्याच्या खोलीची लांबी-रुंदी आम्ही टेपने मोजत होतो, तेव्हा दारातल्या आजी हसल्या. ‘भाऊ, रातले आठे कोन निजस?’ रात्री इथे कोण झोपते? प्रश्न बिनतोड होता. दुपारी पारा 44-45 अंशांवर गेलेला असतो आणि तापलेला पत्रा मध्यरात्रीपर्यंत निवत नाही. म्हातारी माणसे ओट्यावर, पुरुष रस्त्याकडेला, बाया आणि मुली मात्र आतच, दार अर्धे लोटून. त्या खोलीला तक्त्यात ‘एक खोली’ असेच लिहावे लागते. आम्ही तसे लिहिले आणि शेजारी एक नवा रकाना आखला, ‘मे महिन्यात रात्री आत कितीजण झोपतात?’

खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरांना ही अडचण नव्हती. मातीच्या रुंद भिंती, लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर. आत गारवा आणि वर झोपायला मोकळे धाबे. तक्त्यात मात्र ते घर ‘कच्चे’ ठरते. विटांच्या चार इंची भिंती आणि पत्रा त्याच्या वरच्या पायरीवर बसतात! धुळ्याचेच पाहा. 1818 नंतर कॅप्टन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने नवे धुळे सरळ गल्ल्यांचे आखले. त्या गल्ल्या आजही क्रमांकानेच ओळखल्या जातात. आखणी करणाऱ्याने वारा वाहायला वाट ठेवली होती. नंतरच्या वस्त्यांतून ती कुणी ठेवली नाही.

दुसरा नवा रकाना पाण्याचा. नळाला पाणी काही दिवसांआड येते, म्हणून ते साठवावे लागते. एका दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही दोन मोठे ड्रम, एक टाकी आणि अकरा हंडे-कळश्या मोजल्या. माणसे पाच. भाडे शंभर चौरस फुटांचे. त्यातली बरीच जागा पाण्याची.

भाड्याविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 साली झाला व मार्च 2000 पासून लागू झाला. त्यानुसार करार लेखी व नोंदणीकृत हवा. आम्ही पाहिलेल्या घरांत करार बहुधा तोंडीच, आणि कागद असलाच तर अकरा महिन्यांचा. बारावा महिना उजाडला, की भाडे वाढते किंवा बिऱ्हाड हलते. इस्पितळात आयाचे काम करणाऱ्या आमच्या एका विधवा भगिनीने सहा वर्षांत पाच घरे बदलली. धाकट्याची शाळा दोनदा बदलावी लागली. कमाईचा तिसरा हिस्सा भाड्यात जातो; शिवाय नवीन घरासाठी अनामत रक्कम हाती लागेपर्यंत जुने सोडता येत नाही. एका घरमालकाने तिचे नाव विचारले, मग आडनाव, मग ‘घरात काय शिजते’ तेही. जागा नुकतीच दिली, असे उत्तर मिळाले. त्या दारावरची ‘भाड्याने देणे’ ही पाटी पुढच्या आठवड्यातही आम्ही वाचली.

मग सरकारने घरे बांधली नाहीत काय? बांधली. जळगावातील एका वस्तीचे नावच पिंप्राळा हुडको. कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव वस्तीला पडावे, हे बोलके आहे. 1990 च्या दशकात गरिबांसाठी तेथील नगरपालिकेने घरकुल योजना हाती घेतली. पुष्कळ घरे अर्धवट राहिली. सुमारे 29 कोटींच्या गैरव्यवहाराची तक्रार 2006 साली पोलिसांत गेली आणि 31 ऑगस्ट 2019 रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 48 जणांना दोषी ठरवले. दोषींनी पुढे अपिले केली. घरे जळगावची, निकाल धुळ्याचा. या दोहोंच्या मध्ये एक पिढी भाड्याच्या खोलीत मोठी झाली.

2015 पासून पंतप्रधान आवास योजना आली. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यास तिच्यातून केंद्राचे दीड लाख व राज्याचे एक लाख मिळत. पण ‘स्वतःच्या जागेवर’ या दोन शब्दांपाशी आमच्या यादीतील बहुतेक कुटुंबे थबकली. ज्याच्यापाशी उतारा नाही, त्याच्यापाशी अर्जही नाही.

आमचा अहवाल बैठकीत वाचला गेला तेव्हा चर्चा लांबली. एकाने विचारले, ‘आपण घरे बांधणार आहोत काय?’ आपल्याने ते होणे नाही. अनामत रकमेसाठी बिनव्याजी उसना निधी उभारणे तेवढे ठरले. परतफेड दहा हप्त्यांत. जमलेल्या पैशांतून तीन कुटुंबांची सोय झाली. आया असलेल्या त्या भगिनीचे नाव चौथे आहे. तिच्या कराराचा अकरावा महिना पुढच्या पंधरवड्यात संपतो, आणि निधीत सध्या निम्मी रक्कम आहे.