प्लग, पाऊस आणि बोटभर ग्रीस

मुंबईत पहिला मोठा पाऊस झाला की हिंदमाताला आणि मिलन सबवेपाशी बंद पडलेल्या गाड्यांची रांग लागायची. पद्मिनीचं बॉनेट उघडून टॅक्सीवाला डिस्ट्रिब्युटरची कॅप कोरड्या फडक्याने आतून पुसत असायचा. शेजारी कुणीतरी चेतक स्कूटर एका अंगावर कलती करून पुन्हा किक मारायचा. प्लगपाना डिकीत असणं त्या काळी किल्ली खिशात असण्याइतकंच गरजेचं होतं.

ओलाव्यावर ज्याचा त्याचा उपाय ठरलेला. प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा, ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पॉइंटची गॅप बघायची, प्लग कॅपवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवायचा. शिवाय कॅपमध्ये बोटभर काहीतरी चोपडायचं. बहुधा मिस्त्रीच्या डब्यातलं बेअरिंगचं ग्रीस, नाहीतर घरातलं व्हॅसलिन. चार दिवस गाडी छान चालायची. मग इंजिनच्या उष्णतेने व्हॅसलिन पातळ होऊन ओघळायचं. ग्रीसमधल्या खनिज तेलाने कॅपचं रबर फुगून सैल पडायचं आणि त्याच फटीतून पाणी पुन्हा आत. कुणी ग्रेफाइटचं काळं ग्रीस लावलं तर आणखी घोळ, कारण ग्रेफाइटमधून वीज वाहते. ठिणगी प्लगच्या टोकाला पडण्याऐवजी करंट बाहेरच्या बाहेर इंजिनच्या धातूत उतरायचा. मिस्त्रींना तरी बोल कसा लावायचा? गल्लीतल्या दुकानात दुसरं काही मिळायचंच नाही.

आज सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस छोट्या ट्यूबमध्ये सहज मिळतं. कडाक्याच्या थंडीत ते थिजत नाही आणि दीडशे-दोनशे अंश सेल्सिअसलाही ओघळत नाही. वीज चांगली वाहावी म्हणून ते लावतात, असा अनेकांचा समज आहे. खरं तर त्यातून वीज वाहतच नाही, आणि तोच त्याचा गुण. धातूला धातू घट्ट टेकतो तिथून ते बाजूला सरतं आणि भोवतालच्या फटी भरून पाण्याची वाट अडवतं. प्लगच्या वायरमध्ये हजारो व्होल्ट असतात; त्यांना पळायला ओला रस्ता मिळता कामा नये.

म्हणून आधी कॅप पूर्ण कोरडी करावी, रबराच्या आतल्या कडेला पातळ थर द्यावा आणि कॅप खट्कन बसेपर्यंत दाबावी. जुन्या गाडीच्या पॉइंटवर मात्र हे ग्रीस लावू नये, तिथे सतत ठिणगी उडते आणि थर जळून संपर्क बिघडतो. रबर सिलिकॉनचंच असेल तर गाडीच्या कंपनीने सांगितलेलं ग्रीस वापरावं, नाहीतर तेही फुगू शकतं. बॅटरीच्या टर्मिनलला व्हॅसलिन आजही चालतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. २०२० च्या बीएस-६ प्रदूषण नियमांनंतर बहुतेक दुचाकींतही फ्युएल इंजेक्शन आणि सेन्सर आले, जोडण्यांना रबरी सील आले. गाड्या पावसात क्वचितच अडतात, हे मोठं सुख आहे. पण आपल्या गाडीत ठिणगी कुठे पडते हे तेव्हा कारकुनालाही ठाऊक होतं, आता इंजिनिअरलाही नसतं, याची मला मनापासून खंत वाटते.

सील जुने होतात, पिनांवर हिरवट गंज चढतोच. तेव्हा मे महिन्यात, ताडपत्री काढायच्या सुमारास, घरच्या मुलामुलींना शेजारी बसवून प्लग कॅप काढून दाखवा आणि ग्रीस त्यांच्याच हाताने लावू द्या. माहिती त्यांना कुठेही मिळेल. पण हाताला लागलेली सवय जन्मभर पुरते.