औषधाचा वास

गावोगावी लोक मला ‘पावडरवाले साहेब’ म्हणत. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात माझी सगळी नोकरी गेली, पण आपण नेमकं काय करतो हे मी लोकांना कधी समजावून सांगितलं नाही. जनजागृती मात्र भरपूर केली. शाळेच्या मुलांची प्रभातफेरी काढली, ‘पाणी उकळून प्या’ असं भिंतींवर रंगवून घेतलं, फोटो काढून अहवालाला जोडले. घोषणा पाठ झाल्या म्हणजे लोकांना समजलं, असं मी मनापासून मानत होतो.

एका गावात नळाच्या पाण्याला वास येतो म्हणून तक्रारी सुरू झाल्या. एक वयस्कर मावशी मला थांबवून म्हणाल्या, “साहेब, चहालासुद्धा औषधाचा वास येतोय. लेकरं पाणी तोंडात घेईनात.” सरपंचांनीही फोन केला. त्या वेळी मला फार काही करावं लागणार नव्हतं. टाकीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर का टाकतात, हजार लिटरला साधारण 5 ग्रॅम हे प्रमाण कशावरून येतं, शेवटच्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन का शिल्लक राहिला पाहिजे, एवढं पारावर बसून सांगितलं असतं तर मावशींना ते नक्की पटलं असतं. त्याऐवजी मी टाकीत पावडर टाकणाऱ्या जलसुरक्षकाला म्हणालो, “जरा हात आखडता घे.” तक्रारी थांबल्या आणि मला हायसं वाटलं.

पावसाळ्यात खालच्या आळीत जुलाबाची साथ आली. पाइपलाइन गटाराला लागून गेली होती आणि एका जोडातून गळत होती. नळाला पाणी ठरावीक वेळच येतं. ते बंद झालं की रिकाम्या पाइपात बाहेरचं घाण पाणी ओढलं जातं. पाण्यात क्लोरीन आहे का हे पाहायला मी ओटी टेस्ट केली. नळीतल्या पाण्यात थेंब टाकले, पाणी पिवळं झालंच नाही, म्हणजे क्लोरीन नव्हताच. पावडरीचं पोतं उघडं, दमट खोलीत पडलेलं. ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतो. हवा, ओल, ऊन लागलं की तो उडून जातो. म्हणजे आधीच निकामी झालेली पावडर, तीही माझ्या सांगण्यावरून कमी टाकलेली. क्लोरीन पुरेसा असता तर साथ टळलीच असती असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. घाण जास्त शिरली तर त्याचंही काही चालत नाही. पण गावाचा तेवढा आधार मीच काढून घेतला होता.

सगळे बरे झाले. अहवालात मी ‘पाइपलाइन गळती’ एवढंच लिहिलं. खोटं नव्हतं ते, पण पुरतं खरंही नव्हतं. ती चूक मला आजही सलते. ग्रामसभेत तर मी उलट लोकांनाच बोललो, पाणी उकळत नाही म्हणून. मावशी तिथेच बसल्या होत्या.

पुढे मी बोलायची पद्धत बदलली. ओटी टेस्टची नळी बचत गटातल्या बायकांच्या हातात दिली आणि शेवटच्या नळाचं पाणी त्यांनाच तपासायला लावलं. विहिरीतलं पाणी मोजायचं सूत्र आठवी-नववीच्या मुलांना शिकवलं: व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली, दोन्ही मीटरमध्ये, गुणिले 785, की लिटर मिळतात. पाणी किती सुरक्षित आहे हे दाखवणारं ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचं हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड कशावरून ठरतं, पावसाळ्याआधी आणि नंतर आम्ही काय काय पाहतो, तेही सांगितलं. पर्यावरणीय आरोग्य हा शिकून करायचा व्यवसाय आहे, 26 सप्टेंबरला त्याचा जागतिक दिवस असतो, हे ऐकून शाळेतल्या गुरुजींनाही नवल वाटलं. डॉक्टर माहीत, सिस्टर माहीत, आशाताई माहीत. आम्ही मात्र कुणाला माहीत नव्हतो. त्याला कारण आमचंच मौन. लोकांना काम कळलं की ते प्रश्न विचारतील, ही धास्ती माझ्यासारख्या अनेकांच्या मनात असते.

आणि प्रश्न आलेच. पुढच्या एका ग्रामसभेत बायकांनी पावडर कधी खरेदी केली, कुठे ठेवली, म्हणून जलसुरक्षकाला धारेवर धरलं. मी उठून त्याची बाजू घेतली, कारण त्याला झाकणाचा डबा आणि कोरडी खोली देणं ग्रामपंचायतीचं काम होतं. आणि आधी पावडर कमी टाकायला मीच सांगितलं होतं, हेही तेव्हाच सगळ्यांसमोर सांगून टाकलं.