काळ्या मातीतील गादीवाफा

माळव्याच्या जुन्या देवास संस्थानाचे नाव धारण करणाऱ्या जिल्ह्याच्या दक्षिण भागात लोहारदा हे गाव असून, या परिसरात नव्या जागेवर परसबाग करू पाहणाऱ्याच्या वाट्याला बहुधा काळी मातीच येते. बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ, झिजून झालेल्या या मातीत चिकणमातीचा अंश तीस टक्क्यांहून अधिक, कित्येकदा निम्म्याच्याही वर असतो आणि त्यातील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज आपल्या पातळ थरांमध्ये पाणी ओढून फुगते व वाळताना आक्रसते. त्यामुळे वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी जमीन श्रावणात पाणी मुरू देत नाही आणि भाजीची मुळे तहानेपेक्षा हवेअभावी गुदमरून मरतात. गादीवाफ्याची, म्हणजे आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच केलेल्या वाफ्याची, खरी गरज इथे आहे. रोपवाटिकेतून लाल मातीची पोती आणून चौकट भरण्याची हौस ही वेगळी गोष्ट होय.

वाफ्याची रुंदी दोन्ही बाजूंनी हात पोचेल इतकी, सुमारे एक मीटर, आणि उंची वीत-दीड वीत पुरते. मात्र दोन वाफ्यांमधल्या सरीला उतार देऊन पाणी बाहेर काढले नाही, तर उंचीचा उपयोग शून्य. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅट या संस्थेने काळ्या जमिनीसाठी विकसित केलेल्या रुंद वरंबा-सरी पद्धतीतही सुमारे एक मीटरचा वरंबा, अर्ध्या मीटरची सरी आणि सौम्य उतार हेच सूत्र आहे. कडेला विटा रचल्यास फुगणारी माती त्यांना लवकरच वाकडे करते, म्हणून उतरती मातीची कडच बरी.

चिकण जमिनीत वाळू मिसळावी हा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो येथे घातक ठरतो, कारण थोडी वाळू चिकणमातीत रुतून घट्ट थर बनवते आणि परिणाम दिसण्याइतकी वाळू घालायची तर ती जवळजवळ मातीइतकीच लागते. उपाय आहे तो ह्यूमसचा, म्हणजे पूर्ण कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याचा, जो मातीचे बारीक कण जोडून त्यांची रवाळ ढेकळे करतो. याचे शास्त्र याच माळव्यात घडले. इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा, शेण, गोठ्यातील मूत्र शोषलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर देऊन सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसवली आणि यशवंत वाड यांच्यासह ती १९३१ मध्ये पुस्तकरूपाने मांडली. या खताचा खड्डा ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि केवळ २ फूट खोल असे, कारण याहून खोल गेल्यास हवा पोचत नाही. पावसाळ्यात मात्र खड्डे पाण्याने भरत असल्याने जमिनीवरच ढीग रचावे लागत. खत तीनदा उलटवले जाई.

सोयाबीनचे काड येथे विपुल मिळते, पण ते न कुजवता वाफ्यात पुरल्यास कुजवणारे जिवाणू मातीतील नत्र स्वतःसाठी वापरतात व रोपे पिवळी पडतात; ओल्या शेणाबरोबर हुमणीचा धोकाही येतो. तयार खताचा चार बोटे जाडीचा थर वरच्या वीतभर मातीत मिसळणे पुरेसे असते. सर्वांत महत्त्वाचा मात्र वाफसा, म्हणजे मशागतीस योग्य ओल. मूठभर माती दाबून केलेला गोळा कमरेच्या उंचीवरून सोडल्यावर फुटून विखुरला, तर वाफसा आहे. तो चपटा होऊन जमिनीला चिकटला, तर कुदळ ठेवून द्यावी, कारण ओल्या काळ्या मातीत तुडवलेली जागा वाळून विटेसारखी होते. म्हणून वाफे उन्हाळ्याच्या अखेरीस भरून ठेवावेत. पहिल्या पावसात ते खचतात. त्यावर पुन्हा खत-मातीचा थर देऊन पहिल्या हंगामात मेथी किंवा चवळी पेरावी आणि कांदा-लसूण दिवाळीनंतरच्या हंगामासाठी राखून ठेवावा.